पहारा, व्रत आणि स्थलांतर : कुमारवयीन प्रेमकथेचा मराठी रूपबंध

लोकप्रिय वाङ्मयप्रकारांविषयी मराठी समीक्षेने आजवर जे मौन पाळले, त्याला उपेक्षेइतकेच एक गृहीतकही कारणीभूत आहे. साचा परका असला की त्यातील आशयही परकाच असतो, असे ते गृहीतक. कुमारवयीन प्रेमकथेच्या बाबतीत ते विशेष बळकट झालेले दिसते. स्वतःच्या भावनांवर सतत पहारा ठेवणारा खेळाडू मुलगा, त्याच्या शाळेत किंवा गावात नव्याने आलेली शिस्त न मानणारी मुलगी, आणि तिच्या सहवासात हळूहळू उठत जाणारा तो पहारा, हा अमेरिकन किशोर-कादंबरीने व चित्रपटाने जगभर पोचवलेला साचा. त्याच्या मराठी नकला होतात, त्या वाचल्याही जातात. पण त्यांची गणना वाङ्मयात होत नाही. या न्यायनिवाड्यात एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. या साच्यातील ‘पहारा’ मराठी समाजात नेमका कोठे असतो? मुलाच्या मनात, की मनाबाहेर? प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन कथेत शोधण्यापेक्षा अकोल्याच्या जुन्या शहरासारख्या ठिकाणी शोधणे अधिक फलदायी ठरेल; कारण तेथे शरीराची साधना, गल्लीची नजर आणि नव्याने आलेल्याविषयीचे कुतूहल या तीनही गोष्टी आजही एकाच चौकात नांदतात.

मूळ साच्याची यंत्रणा आधी नीट समजून घ्यावी लागते. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात प्रेमकादंबऱ्यांच्या स्त्री-वाचकांविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. नायकाचा कठोरपणा वाचक दोनदा वाचतात : प्रथम कठोरपणा म्हणून, आणि कथा उलगडल्यावर दडवलेल्या कोमलतेचा पुरावा म्हणून. सारे कथानक या पुनर्वाचनासाठीच रचलेले असते. खेळाडू नायक या यंत्रणेस अत्यंत सोयीचा. मैदानावर त्याचे शरीर सर्वांसमोर उघडे असते, मन मात्र कोणालाच दिसत नाही. नवागत मुलगी तितकीच सोयीची, कारण गावात तिला भूतकाळ नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा दाबही नाही. अर्थात या रचनेमागे दोन अटी गृहीत आहेत. मन ही व्यक्तीची खासगी मालमत्ता आहे ही पहिली. आणि कुटुंबे गावे बदलू शकतात, तशी ती बदलल्याने मुलीची पत बदलत नाही, ही दुसरी. ना. सी. फडके यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कथानकाचे तंत्र मराठीत प्रतिष्ठित केले, तेव्हा तंत्राबरोबर या अटीही आपोआप येतील असा विश्वास त्यामागे होता. त्या आल्या, पण एका विशिष्ट वर्गापुरत्या. पुढे देशीयतेच्या भूमिकेतून फडके-संप्रदायावर जी टीका झाली, तिचा रोख या अटींकडे असायला हवा होता. तो बव्हंशी साच्याकडेच राहिला. परिणामी साचा टाकाऊ ठरला आणि अटींचा विचार झालाच नाही.

मराठी परंपरेत खेळाडूचे शरीर खासगी नाही. तालमीत उतरलेल्या मुलाने पाळायचा संयम हा त्याच्या स्वभावाचा भाग नसतो. तो वस्तादाला, मारुतीला आणि आळीला दिलेला शब्द असतो. लंगोट या वस्त्राला आपल्या भाषेत जो नैतिक अर्थ चिकटला आहे, तो इतर कोणत्याही क्रीडावेषाला नाही. वऱ्हाडात या संयमाला विसाव्या शतकात राष्ट्रीय परिमाणही लाभले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. देशी व्यायामाला आधुनिक संस्थेचे रूप देणाऱ्या या चळवळीच्या नावातच हनुमान आहे, ही गोष्ट केवळ नामकरणाची नाही. कमावलेले शरीर समाजाच्या नावे जमा असते, हा तिचा अर्थ. जुन्या शहरातील राजराजेश्वराची कावड घ्या. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी शहरातील तरुण गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी भरतात आणि ओळीने बांधलेल्या भरण्यांचा भार खांद्यावर पेलत अनवाणी परततात. यात बळाचे प्रदर्शन आहे, मंडळामंडळांतील ईर्षा आहे. पण वैयक्तिक पराक्रमाला जागा नाही. खांदा बदलला तरी कावड खाली ठेवायची नसते. अशा मुलाच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न विचारण्याची सवड ती मिरवणूक देत नाही, आणि पाहणाऱ्यांनाही तो सुचत नाही.

याउलट, याच शहरात मुष्टियुद्धाची शिस्तही चांगली रुजली. आज अकोला हे त्या खेळाच्या प्रशिक्षणाचे महाराष्ट्रातील एक परिचित केंद्र आहे. मुष्टियोद्धा सर्वप्रथम काही शिकत असेल तर ते स्वतःचा चेहरा झाकणे. त्याला तो ‘गार्ड’ म्हणतो. अमेरिकन साच्यातील नायकाचे रूपक येथे तंत्र म्हणून हजर आहे, हा योगायोग मनोरंजक खरा. पण त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. तालमीचे व्रत आणि मुष्टियुद्धाचा बचाव यांतला फरक एवढाच, की बचाव प्रतिस्पर्ध्यापुरता असतो आणि सामना संपल्यावर हात खाली येतात. व्रताला असा शेवटचा ठोका नाही.

म्हणूनच मराठी कथनात संयमी पुरुषाला स्त्री भेटते, तेव्हा घडते ते हृदयपरिवर्तन नव्हे; घडतो तो व्रतभंग. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्श शिक्षकाच्या गावात तमासगीर स्त्री येते, आणि पुढे जे होते ते अधःपतन म्हणूनच मांडले जाते. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’मध्ये पैलवानी शरीर असलेल्या गुणाला नाच्या होण्यासाठी ते शरीरच सोडून द्यावे लागते, त्याची किंमत समाज त्याच्याकडून ज्या क्रूरपणे वसूल करतो ती पाहता, अपराध नाचण्याचा नसून सार्वजनिक ठेव मोडल्याचा आहे, हे स्पष्ट होते. दोन्ही कलाकृतींतील पुरुष प्रौढ आहेत आणि तमाशा हे दोन्हींतील सामायिक निमित्त आहे. पण रूपबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की संयम सुटण्याला मराठी कथन शिक्षेची जोड देते. ज्या कथेत संयम सुटणे म्हणजे मोठे होणे असेल, तिच्यासाठी या परंपरेत तयार जागा नाही.

शिवाय ‘कुमारवय’ ही जागाही फार जुनी नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’मधील यमू आज जिला शाळकरी मुलगी म्हटले जाईल त्या वयात सून होते. ती कादंबरी ‘करमणूक’मधून प्रसिद्ध होत होती त्याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा केले, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. बालपण आणि विवाह यांच्यामध्ये जी चार-सहा वर्षांची मोकळी पट्टी तयार झाली ती प्रथम कायद्याने दिली, मग शाळेने. साहित्याने तिचा ताबा फार उशिरा घेतला. आपटे १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच शहरात १९८१ साली भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांकडे आले. या सत्तर वर्षांत मराठी कादंबरीने कितीतरी प्रदेश पादाक्रांत केले, पण ही पट्टी बालसाहित्याच्या हवाली राहिली. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो : नवागत, चपळ, सायकलपटू, वडीलधाऱ्यांची शिस्त वाकवणारा. साच्यातील जवळजवळ सारे गुण त्याच्या एकट्याच्या अंगी आहेत. नाही ते फक्त प्रेम. बालसाहित्याच्या मर्यादेत ते नसणेच योग्य, असे म्हणता येईल. मात्र बालसाहित्य संपते तेथून प्रौढ कादंबरी सुरू होईपर्यंत वाचक काय वाचतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) ही पोकळी प्रथमच गांभीर्याने भरली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, आडनावांनीच ओळखली जाणारी मुले-मुली, अर्धवट बांधलेल्या इमारतीतील अड्डा आणि मुकुंद जोशीचे शिरोडकरविषयीचे आकर्षण, हा त्या कादंबरीचा ऐवज. तिच्या प्रथमपुरुषी निवेदनाची चर्चा भरपूर झाली आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. या मुलांना प्रेमासाठी जी भाषा उपलब्ध आहे ती सगळी नजरेची आणि टेहळणीची आहे. कोण कोणाकडे पाहते, कोण कोणाला ‘लाइन’ देते. पहारा येथे मनावर नाही, तो वर्गात, रस्त्यात, शिकवणीच्या वाटेवर पसरलेला आहे, आणि मुले स्वतःच त्याची शिपाई आहेत. कादंबरीच्या अखेरीस शिरोडकर आपल्या कुटुंबासह गाव सोडून जाते. भांडण नाही, नकार नाही. घर हलते, एवढेच. अमेरिकन साचा मुलीच्या येण्याने सुरू होतो, मराठी कादंबरी तिच्या जाण्याने संपते. जिल्ह्याच्या गावात हे आजही खरे आहे. तेथे येणारी नवी मुलगी बहुधा बदलीच्या हुकमाबरोबर आलेली असते : महसूल खात्यातला अधिकारी, बँकेतला साहेब, कृषी विद्यापीठातला प्राध्यापक यांच्या घरची. तिचे नवेपण हे बंडखोरीचे स्वातंत्र्य नसून मुदतीचा परवाना असतो, आणि मुदत कोणी ठरवायची हे तिच्या हाती नसते. ‘शाळा’चे मोठेपण असे, की या सामाजिक वस्तुस्थितीवर तिने कारुण्याचा मुलामा चढवला नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) चित्रपट असला तरी या विवेचनात त्याचे स्थान मध्यवर्ती आहे, कारण साच्याची सर्वांत सखोल फेरमांडणी त्यातच झाली. कथेची सुरुवात होते ती गावच्या क्रिकेट सामन्याच्या गमतीदार समालोचनाने. परश्या हा संघाचा कर्णधार, मासेमारी करणाऱ्या, जातिव्यवस्थेने खाली ढकललेल्या कुटुंबातला. आर्ची राजकारणी पाटलाची मुलगी. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि विहिरीत पोहणाऱ्या मुलांना हुकूम सोडते. खेळाडू आहे, बंडखोर मुलगी आहे. परंतु दोघांच्याही भूमिका उलटलेल्या आहेत. हा खेळाडू मुळीच मिटलेला नाही. तो कविता करतो, चिठ्ठी पाठवतो, तिला पाहण्यासाठी उघडपणे धावत सुटतो. आणि बंडखोर मुलगी नवागत नाही. उलट तिचे बंड गावातील तिच्या घराण्याच्या स्थानातूनच आले आहे. ज्या सत्तेविरुद्ध ती पुढे उभी राहते, त्याच सत्तेने तिला ती ऐट दिली आहे. ‘सैराट’वरील लेखनात या विसंगतीचे पुरेसे विश्लेषण झालेले नाही. आर्चीला ‘सबला नायिका’ म्हणून गौरवणारे बहुतेक लेख ती बुलेट कोणाच्या पैशाची, हे विचारायला विसरतात.

दोघे हैदराबादला पळून जातात तेव्हा चित्रपटाचा सूर बदलतो, आणि साच्यातील उरलेले दोन घटक आता कोठे प्रकट होतात. नवागतपण येते, पण दोघांच्याही वाट्याला. आणि ते स्वातंत्र्य म्हणून येत नाही, परक्या भाषेच्या वस्तीतील भय म्हणून येते. कर्णधार डोशाच्या गाडीवर काम करू लागतो. चित्रपटाच्या या भागात क्रिकेट पुन्हा उगवत नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे. खेळाडूचे शरीर श्रमिकाचे झाले की त्याचा खेळ संपतो, हे दिग्दर्शक न बोलता सांगून जातो. याहून महत्त्वाचे म्हणजे ‘पहारा’. गावात जो मुलगा मोकळा होता, तो येथे बायकोवर संशय घेतो, हात उगारतो. मूळ साच्यात प्रेमाने पहारा उठतो. येथे प्रेम सफल झाल्यानंतर तो बसवला जातो, आणि तोही स्वतःच्या मनावर नव्हे, तिच्यावर. आर्ची निघून जाते आणि परत येते; त्या परतण्यात क्षमेपेक्षा, जायला दुसरे घर उरलेले नाही याची जाणीव अधिक आहे. मिखाईल बाख्तीन यांनी प्राचीन ग्रीक प्रेमकथांतील ‘साहसकाला’विषयी म्हटले आहे, की कितीही संकटे येऊन गेली तरी त्या काळात नायक-नायिकेचे वय वाढत नाही. ‘सैराट’मध्ये वय वाढते. घरभाडे येते, नोकरी येते, मूल होते. आणि काळ असा खराखुरा होऊन बसल्यावरच माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात उभी राहतात. २०१८ च्या ‘धडक’ या हिंदी रूपांतराने गाव उदयपूरला हलवले आणि जातीचा ताण पुसट केला. साहजिकच उरला तो निव्वळ साचा. साचा आणि त्याच्या सामाजिक अटी यांतील अंतर दाखवायला याहून चांगले उदाहरण हाती लागणे कठीण.

येथवरच्या विवेचनावरून मराठी परंपरा कुमारप्रेमाला केवळ प्रतिकूलच आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो वऱ्हाडच्या भूमीवर तरी टिकणारा नाही. मराठीतील प्रेमकाव्याचा आरंभच या भूमीशी निगडित आहे. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भावाने ठरवलेला विवाह नाकारणारी, न पाहिलेल्या पुरुषाला स्वतः निरोप धाडणारी, आणि पळवून नेण्याचे ठिकाणही स्वतःच सुचवणारी ही राजकन्या. येणारा पुरुष चाणूराला लोळवणारा मल्ल आणि विदर्भात परका. म्हणजे खेळाडू आणि नवागत हे दोन्ही गुण कृष्णाकडे, आणि बंड रुक्मिणीकडे. भागवतातील कथेत तिच्याभोवती पहारा आहेच. पण तो शस्त्रधारी सैनिकांचा आहे, नगराबाहेरच्या देवळाच्या वाटेवरचा आहे. तिच्या मनाला मात्र कोणताच अडसर नाही. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेप्रसंगी महदाइसेने धवळे गायिले, ते याच कथेचे. मराठीच्या आद्य कवयित्रीचा पहिला विषय एका मुलीने स्वतः ठरवलेले लग्न हा असावा, आणि त्याची रचना लग्नात बायकांनी म्हणायच्या गाण्याच्या वळणाची असावी, याचा अर्थ काव्याच्या इतिहासकारांनी पुरेसा लावलेला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, त्यात रुक्मिणीच्या विरहाला जी जागा मिळाली ती केवळ कथाभाग पुढे नेण्यासाठी नाही.

महानुभावांचा कृष्ण परब्रह्म आहे, तेव्हा त्याची कथा लौकिक प्रेमाच्या मापाने मोजणे अप्रस्तुत, असा आक्षेप येईल. तो आक्षेप नवा नाही. पंथातच तो घेतला गेला होता. भास्करभट्ट बोरीकरांच्या ‘शिशुपाळवधा’चे नाव युद्धाचे असले तरी त्याचा मोठा भाग कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगाराने व्यापला आहे. ग्रंथ चांगला उतरला आहे, पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय पंथातील ज्येष्ठाने दिला आणि कवीने पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली, ही कथा सर्वपरिचित आहे. मराठीतील प्रेमकथेवरील ही बहुधा सर्वांत जुनी समीक्षा. तिच्यात दोन गोष्टी एकाच वेळी मान्य केलेल्या आहेत : ग्रंथ सरस आहे, आणि तो संयमाच्या व्रताशी जुळत नाही. पुढच्या समीक्षेने यांतली दुसरी गोष्ट तेवढी उचलली. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची (१५७१) गत तर याहून चमत्कारिक. वडील माणसांना झुगारून पळून जाणाऱ्या मुलीची ही कथा, आणि वडील माणसांनी ठरवलेले लग्न लवकर जमावे म्हणून उपवर मुली तिची पारायणे करत आल्या आहेत.

वऱ्हाडी बोलीचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) या बोलीला कादंबरीत अढळ स्थान मिळवून दिले, पण ते दुःखाची भाषा म्हणून. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी वाचताना वाचकाच्या मनात आदर उत्पन्न होतो, कारण ती भुकेशी झगडणाऱ्या बाईची भाषा आहे. पुढे शेळके यांनी उपजीविकेसाठी लोकप्रिय कादंबऱ्या विपुल लिहिल्या आणि समीक्षेने ‘धग’चा लेखक वाया गेला म्हणून हळहळ व्यक्त केली, त्या कादंबऱ्यांच्या भाषेचा स्वतंत्र अभ्यास व्हावा असे मात्र तिला वाटले नाही. दुसरीकडे रंगभूमीने आणि कवितेच्या मंचाने वऱ्हाडीला विनोदाची भाषा करून टाकले. ‘मले’, ‘तुले’, ‘रायलो’ ही रूपे कानी पडताच श्रोता हसायला सज्ज होतो. दुःख आणि हसू यांच्या मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने मुलीशी बोलायची जी वऱ्हाडी आहे, ती जुन्या शहरात रोज बोलली जाते आणि छापली मात्र जात नाही. करमाळ्याकडच्या बोलीला ‘सैराट’ने हे स्थान मिळवून दिले, म्हणजे अडचण बोलीची नाही. अडचण बोलीत लिहिणाऱ्याने गृहीत धरलेल्या वाचकाची आहे, जो बोलीतील प्रेमाला प्रेम मानण्याआधी प्रमाणभाषेची खूण मागतो.

जुन्या शहरात ही कथा लिहू पाहणाऱ्याला आणखी एका गोष्टीशी सामना करावा लागेल. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून या वस्तीत दंगल उसळली आणि माणूस दगावला. येथे गल्ली ओलांडणे हे गाव बदलण्याइतकेच मोठे स्थलांतर असू शकते. नवागत मुलगी दूरच्या शहरातून यायला हवी असे नाही, ती पलीकडच्या मोहल्ल्यातून आली तरी पुरे. तालमीतला मुलगा तिच्याविषयी गप्प राहील तेव्हा त्याच्या मौनाला मनाची जखम असे नाव देऊन भागणार नाही. त्या मौनात वस्ताद आहे, कावडीतले सोबती आहेत, मोर्णेच्या पुलावर उभा असलेला पोलीस आहे, आणि अठरा वर्षांखालील सर्व शरीरसंबंध गुन्हा ठरवणारा २०१२ चा कायदाही आहे. इतक्या साक्षीदारांसमोर तो मुलगा कोणते वाक्य उच्चारील आणि ती कोणत्या भाषेत उत्तर देईल, हे ठरवताना लेखकाला ‘शाळा’ची नजरेची भाषा अपुरी पडेल आणि ‘सैराट’चा शेवट आयता मिळेल. पहिली वापरणे सोपे आहे, दुसरा त्याहून सोपा. महदाइसेने निवडलेली वाट या दोन्हींहून वेगळी होती : निरोप मुलीने धाडावा, आणि त्याचे गाणे तिच्याच गावच्या बायकांनी म्हणावे.